गिळलेली तीन नावं

मी टाइप करताना पडद्याकडे बघत नाही. यात कौतुक काही नाही, ही खोड आहे, आणि ती मला घाटकोपरच्या एका टायपिंग क्लासने लावली. तिथले सर विद्यार्थ्याच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवायचे. बटणं दिसायची नाहीत. मान मशीनमधल्या कागदाकडे वळली की सर विचारायचे, "तिकडे काय सिनेमा लागलाय?" नजर डाव्या बाजूच्या मजकुरावर, बोटं खोक्यात, आणि डोकं शक्यतो कुठेच नाही. पुढे चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत या विद्येवर काढली. परिपत्रकं, टिपण्या, अहवाल. मजकूर समजायला लागला की वेग कमी होतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मी टाइप केलेलं फारसं काही समजून घेतलं नाही, आणि ज्यांनी त्यावर सह्या केल्या त्यांनीही घेतलं असावं असं मला वाटत नाही.

टाइपरायटरचं एक मात्र होतं. बटण दाबलं की अक्षर कुठेतरी उमटायचंच. रिबन सुकलेली असली तरी कागदावर निदान खड्डा पडायचा.

त्यामुळे मुलुंडच्या घरी, कॉम्प्युटरवर आत्याच्या वहीतलं एक पान संपवून मी मान वर केली आणि पडद्यावर पानाचा फक्त वरचा तुकडा दिसला, तेव्हा काय झालंय ते कळायलाच मला वेळ लागला. खालची पंधराएक वाक्यं नव्हती. पुसली गेली नव्हती, उमटलीच नव्हती. विंडो तशीच समोर होती, पण तिच्या डोक्यावरची पट्टी जरा फिकी झाली होती आणि कर्सर गायब होता. वर्गात बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलासारखी ती विंडो समोर असून हजर नव्हती. मी माउसने टिचकी मारली. कर्सर पुन्हा लुकलुकायला लागला. आदल्या दिवशीही एकदा असं झालं होतं, पण तेव्हा चार-पाच ओळीच गेल्या होत्या. बोट भलत्या बटणावर पडलं असेल, असं म्हणून मी पुढे गेलो होतो.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. तिचं वय ब्याऐंशी. विक्रोळीला महापालिकेच्या शाळेत ती शिक्षिका होती. दिवसा मुलांना शिकवायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना. हा दुसरा वर्ग सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हता. कुणाच्या तरी खोलीत, स्टोव्ह बाजूला सरकवून बसायचं. कुणी कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी, कुणी भंगार निवडणारी, कुणी भाजीवाली. बहुतेक आमच्यासारख्याच, सातारा-सोलापूरकडून आलेल्या घरांतल्या, अंगठा उठवणाऱ्या. निवृत्तीनंतर आत्याने हे सगळं सहा वह्यांत लिहून काढलं. सहाव्या वहीच्या शेवटी त्या बायकांची यादी आहे. एक्केचाळीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ: लिहायला आल्यावर तिने आपणहून पहिल्यांदा काय लिहिलं. कुणी नवऱ्याच्या डब्यावर नाव घातलं. कुणी भिंतीवर कोळशाने लिहिलं. एकीने रेशनच्या अर्जावर सही केली, आणि तिथल्या कारकुनाने 'तुमचा अंगठा लागेल' म्हणून तिला परत पाठवलं.

या बायकांना आत्याने शब्द दिला होता की तुमचं नाव पुस्तकात छापून येईल. काही जणी वारल्या, पण बऱ्याच आहेत आणि वाट बघतायत. आत्याच्या डोळ्यांना आता मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस कळतो, अक्षर कळत नाही. तिचं हस्ताक्षर वाचता येणारा खानदानात मी एकटा उरलोय. म्हणून ती वह्या घेऊन माझ्याकडे राहायला आली. पहिल्याच सकाळी तिने सहावी वही पुढे केली.

"पहिली वही दे ना," मी म्हटलं.

"आधी बायका. मग मी."

म्हणून यादी आधी टाइप झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विक्रोळीच्या बुद्धविहारातल्या ग्रंथालय समितीने प्रकाशनाचा रविवार ठरवून टाकला होता. पुस्तक अजून वहीत होतं, पण निमंत्रणपत्रिका छापून आली होती. तिच्यावर अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, स्वागताध्यक्ष आणि 'सन्माननीय उपस्थिती' या सदराखाली आणखी नऊ जण होते. पुस्तक जिने लिहिलं तिचं नाव खाली, मंडपवाल्याच्या जरा वर. छापखान्याला फाइल आदल्या सोमवारी हवी होती. मधे अठरा दिवस. सहा शंभर पानी वह्या. माझ्यासारख्याला हे काही कठीण नव्हतं, फक्त मी दाबलेली अक्षरं उमटायला हवी होती.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मी फोन केला. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"काका, फॉरमॅट मारू. एकदम नव्यासारखा होईल."

"पण रोग काय आहे?"

"तो फॉरमॅटनंतर जाईल ना."

"जाईल, पण काय आहे?"

"काका, गेल्यावर कशाला विचारायचं?"

ही वृत्ती मी कचेरीत चौतीस वर्षं पाहिली होती. फाइल सापडत नसेल तर कपाट रंगवायचं. मी ठरवलं की हे आपणच शोधायचं, आणि शोधूनच उठायचं. एक जुनी रजिस्टर-वही काढली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, केलेला उपाय, परिणाम, शेरा. कचेरीतल्या सवयीप्रमाणे शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवला. तो रिकामाच राहतो, पण रुंद असला की काम गंभीर वाटतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. पहिल्या दिवशी कीबोर्ड बदलला. तरी झालं. माउस काढून ठेवला. तरी झालं. इंटरनेट बंद केलं, कारण मला वाटलं, हवामान आणि क्रिकेटच्या बातम्या देणारी ती कोपऱ्यातली चौकट नाक खुपसत असेल. ती गेल्याने घर शांत झालं, पण पान तसंच तुटलं. मराठी टायपिंगचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. व्हायरस शोधणारा बंद केला. कधी तासात तीनदा व्हायचं, कधी तासभर काहीच नाही. ठरावीक शब्दावर नाही, ठरावीक बटणावर नाही.

"तू मग पडद्याकडे बघत का नाहीस?" आत्याने विचारलं.

"बघितलं की ओळ चुकते."

"आणि नाही बघितलं की पान जातं."

"हो."

"मग शिकलास काय रे इतकी वर्षं?"

मी तिसऱ्या वहीकडे वळलो. दर पानाच्या शेवटी मान वर करायची, तुटलेलं असेल तर उमटलेली शेवटची ओळ वहीत शोधायची आणि तिथून पुढे टाइप करायचं, अशी पद्धत मी बसवली होती. वेळ जायचा, पण काम पुढे सरकायचं. मला ती पद्धत चोख वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी आत्या म्हणाली, "यादी वाचून दाखव."

मी नावं वाचायला लागलो. ती डोळे मिटून, हातावर हात ठेवून बसली होती, आणि प्रत्येक नावाला "हजर" म्हणत होती. हजेरीच घेत होती. पंधरासोळा नावं झाली आणि ती थांबली.

"परत वाच."

मी शेवटचं नाव परत वाचलं.

"ती नाही. तिच्या आधी भाजीवाली. भाजीवालीच्या आधी ती, दोन मुलं बरोबर घेऊन यायची."

मी वही उघडली. आत्याचं बरोबर होतं. त्या वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या, आडनावही एकच. पहिलीची ओळ उमटल्यावर विंडोने दगा दिला. मी शेवटचं उमटलेलं नाव वहीत शोधायला गेलो, डोळा दुसरीवर पडला, आणि मी दुसरीच्या पुढून सुरू केलं. मधल्या दोघी आणि ती दुसरी, अशा तीन बायका गेल्या. मला पत्ता नव्हता. पडद्यावर यादी कशी सलग, सुबक दिसत होती.

शेवटपर्यंत हजेरी घेतली. एक्केचाळीसपैकी अडतीस हजर.

आत्या साडीच्या पदराची कड बोटांनी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "त्या पुस्तक हातात घेतल्यावर पहिलं काय बघतील माहितीये का तुला? माझं लिखाण नाही वाचणार त्या. नाव शोधतील."

"आत्या, ही तीन आत्ता घालतो."

"यादीतली मला पाठ आहे म्हणून कळलं. वह्यांतलं काय काय गेलंय ते कुणाला पाठ आहे?"

हे खरं होतं. त्यानंतर मी ती पद्धत सोडली. सोमवारी फाइल जाईल तेव्हा वहीतला एक शब्दही मागे राहिलेला नसेल, आणि त्यासाठी आधी रोग सापडला पाहिजे, असं मी त्या दुपारी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तिची लाकडी पट्टी घेऊन माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. ही फूटपट्टी तिने शाळा सुटल्यावरही टाकली नव्हती. "मला अक्षर दिसत नाही," ती म्हणाली, "पण पांढऱ्यावर काळं पसरतंय की नाही ते दिसतं. तू लिही. पसरायचं थांबलं की मी सांगते."

मी लिहायला लागलो. दहा मिनिटांनी टेबलावर पट्टी आपटली.

"थांबलं."

खरोखर थांबलं होतं. फक्त चार शब्द गेले होते. मी वेळ लिहिली, टिचकी मारली, पुढे गेलो. त्या दिवशी पट्टी अकरा वेळा वाजली. सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त, दुपारी दीड ते चार जवळजवळ नाही, पाचनंतर परत सुरू. आता रोगाचं वेळापत्रक माझ्या हातात होतं, रोग नव्हता.

"कुकर," मी म्हटलं. "सकाळी कुकर लागतो, संध्याकाळी लागतो."

"कुकर गॅसवर असतो."

"मिक्सर मग."

बायको कामावर गेलेली होती, म्हणून मीच स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर रिकामा फिरवला. आत्या पडद्यासमोर बसून एक बटण दाबत राहिली. काही झालं नाही. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, सगळी तपासून झाली. शेऱ्याच्या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं लिहीत होतो.

"तुझ्या टेबलाखाली काहीतरी टिचकी मारतं," आत्या मधेच म्हणाली.

"पाल असेल."

"पाल चुकचुकते. ही टिक करते."

मी टेबलाखाली पाय हलवून बघितला आणि विषय सोडला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचे कान माझ्या रकान्यांत कुठे बसत नव्हते.

नवव्या दिवशी मात्र चमत्कार झाला. सकाळी सातला बसलो, अकरा वाजले, पट्टी एकदाही वाजली नाही. आत्या दोनदा पेंगली, मी तिला दोनदा विचारलं, "बघतेयस ना?" ती म्हणाली, "पसरतंय, पसरतंय, तू लिही." आठची सगळ्यात वाईट वेळ कोरडी गेली. मला आनंद झाला नाही, संशय आला. आदल्या दिवशी मी काहीच बदललं नव्हतं.

साडेअकराला बेल वाजली. समितीचे सचिव दारात उभे होते, भिंतीला हात टेकून, घामाने भिजलेले. त्यांचं रोजचं बोलणंही व्यासपीठावरून असतं, पण त्या दिवशी श्वासच नव्हता.

"पाणी," ते म्हणाले. पाणी प्यायले. "तुमची लिफ्ट बंद आहे. चार मजले. बोर्डपण लावला नाही खाली."

बसल्यावर त्यांचा आवाज परत आला. प्रमुख पाहुण्यांची वेळ मिळालेली आहे, ती बदलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पुस्तक झालं तर उत्तम. "नाही झालं तरी आपण कार्यक्रम थांबवायचा नाही. मी व्यवस्था केलीये. जाडसर वह्या घ्यायच्या, वर मुखपृष्ठ चिकटवायचं, चकचकीत कागदात बांधायच्या. मान्यवर फीत सोडतील, कव्हर दाखवतील, फोटो. सगळीकडे असंच करतात, बाई. आतलं कोण बघतं?"

"आतलं बघायला एक्केचाळीस जणी येणारेत," आत्या म्हणाली.

"त्यांना नंतर देऊ ना. पोस्टाने."

"माझ्या हातात रिकामा खोका द्याल आणि फोटो काढाल?"

"रिकामा नाही, बाई. आत वही असेल."

"कोरी?"

"कोरी."

"मग तिच्यावर अंगठा उठवायला लावा पाहुण्यांना," आत्या म्हणाली. "कोऱ्या कागदावर तोच चालतो."

सचिव हसले, कारण त्यांना काय करावं ते कळलं नाही. पुस्तक नसेल तर मीही येणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. ते उठले, जिन्याकडे पाहून उसासा टाकला आणि कठड्याला धरून उतरायला लागले. त्यांच्या पावलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल, आणि मी रजिस्टर उघडलं.

सकाळी आठ: शाळा, ऑफिस. दुपारी दीड ते चार: सोसायटी झोपलेली. पाचनंतर: लोक परत. आणि आज लिफ्ट बंद, आज काहीच नाही.

ही लिफ्ट गेल्या वर्षी नवीन बसली. तिचं उद्घाटन झालं होतं. फीत, नारळ, आणि तळमजल्यावर संगमरवरी पाटी, जिच्यावर कमिटीतल्या सगळ्यांची नावं लिफ्टमध्ये किती माणसं मावतात त्या सूचनेपेक्षा मोठ्या अक्षरांत आहेत. पण लिफ्टचा आणि माझ्या वाक्यांचा संबंध काय, हे त्या पाटीवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली आणि आम्ही प्रयोग केला. मी टेबलाशी, दार उघडं. आत्या बाहेर लिफ्टसमोर, पट्टी हातात. तिने लिफ्ट बोलवायची, आत हात घालून परत खाली पाठवायची, दर वेळी निघाली की लिफ्टशेजारच्या ग्रिलवर पट्टी मारायची. मी पडद्याकडे बघत एकच अक्षर दाबत राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी कामासाठी पडद्याकडे बघत होतो. ठण्ण. अक्षर थांबलं. टिचकी मारली. पुन्हा लिफ्ट खाली, पुन्हा वर. ठण्ण. थांबलं. एकदा ठण्ण झालं आणि थांबलं नाही. मग पुन्हा थांबलं. दर वेळी नाही, पण इतक्या वेळा की योगायोग म्हणायला लाज वाटावी. आणि आता लक्ष होतं म्हणून मलाही ऐकू आलं. प्रत्येक थांबण्याआधी टेबलाखाली एक बारीक टिक.

बाहेर सोसायटीच्या चेअरमनांचा आवाज आला. ते लिफ्टमध्ये अडकल्यासारखे वरखाली होत होते.

"आजी, तुम्ही सारखी लिफ्ट बोलावताय?"

"हो."

"जायचंय कुठे तुम्हाला?"

"कुठेच नाही. तुमची लिफ्ट माझ्या बायका गिळते."

चेअरमन यावर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ते जिन्याने खाली गेले.

टेबलाखाली यूपीएस होता, वीज गेल्यावर कॉम्प्युटरला दहा मिनिटं जिवंत ठेवणारी बॅटरीची पेटी. लिफ्ट उचलताना आमच्या जुन्या बिल्डिंगची वीज क्षणभर दबत असणार. दिव्यांना ते कळत नसेल, या पेटीला कळत होतं. ती टिक करून बॅटरीवर जात होती आणि लगेच परत येत होती. इथपर्यंत अंदाज आला. पण पेटीने कॉम्प्युटर चालू ठेवला होता, मग विंडो का थांबत होती?

इंटरनेटवर एका परक्या माणसाने हीच तक्रार केली होती, आणि दुसऱ्या कुणी त्याला इंग्रजी खुणांनी भरलेला दहाबारा ओळींचा मजकूर दिला होता. तो चालवला की दर सेकंदाला कुठल्या प्रोग्रामची विंडो पुढे आहे, त्याचं नाव लिहिलं जातं. त्यातलं मला अक्षर कळलं नाही. पण न कळणारा मजकूर बिनचूक टाइप करणं हीच माझी पात्रता. उचलून चिकटवता येतो हे मला माहीत होतं, पण मी तो समोर ठेवला आणि एकेक खूण दाबून काढला. पहिल्या झटक्यात चालला.

"आत्या, लिफ्ट."

ठण्ण. टिक. आणि यादीत माझ्या टायपिंगच्या नावाखाली एक भलतंच नाव उमटलं. यूपीएसबरोबर येणारा एक छोटा प्रोग्राम. वीज दबली की तो 'आता बॅटरीवर आहे' अशी सूचना दाखवायला पुढे येत होता. सूचना मात्र पडद्यावर कुठेच नव्हती.

मुलीला फोन लावला. हा कॉम्प्युटर तिचा. लग्नानंतर ती बंगळुरूला गेली तेव्हा इथेच ठेवून गेली.

"अय्या बाबा, ते मीच टाकलं होतं," ती म्हणाली. "मीटिंग चालू असताना तो यूपीएस टूं टूं करायचा ना, तो आवाज बंद करायला. सूचना मी बाजूच्या स्क्रीनवर ठेवली होती, मधे यायला नको म्हणून."

"बाजूचा स्क्रीन कुठाय?"

"इथे. माझ्याकडे."

म्हणजे सूचना लिफ्ट बसल्यापासून त्या पडद्यावर उमटत होती जो बंगळुरूला होता. मधे कुणी आलेलं दिसत नव्हतं, पण तो प्रोग्राम आलेला असायचा, आणि माझी अक्षरं त्याच्याकडे जायची. त्याला ती नको होती.

मी तो प्रोग्राम काढून टाकला. यूपीएसला कॉम्प्युटरशी जोडणारी बारीक वायरही काढली. आत्याने त्यानंतर लिफ्ट वीस वेळा बोलावली. ग्रिल वाजत राहिलं, टेबलाखाली टिक होत राहिली, अक्षर चालत राहिलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'निकाली.' यूपीएस आता अधूनमधून टूं टूं करतो. करू दे.

आठ दिवस उरले होते. चौथी ते सहावी वही टाइप झाली, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं. मी पडद्यावरचं मोठ्याने वाचायचो, बायको संध्याकाळी समोर वही धरून बसायची. आत्याचं अक्षर तिला नीट लागायचं नाही, पण ओळी मोजता यायच्या, आणि जिथे मोजणी चुकायची तिथे आत्या सांगायची काय गेलंय. नऊ ठिकाणी मजकूर गेला होता. नऊही भरले. शेवटी पुन्हा हजेरी झाली. एक्केचाळीस हजर. सोमवारी दुपारी फाइल छापखान्यात गेली, शनिवारी संध्याकाळी पुस्तकं आली.

रविवारी विक्रोळीच्या हॉलमध्ये शालींचा ढीग होता, पुष्पगुच्छ होते, आणि फीत बांधलेलं पुस्तक होतं. त्यात पानं होती. पाहुण्यांनी फीत सोडली आणि ज्ञान म्हणजे काय यावर बोलायला सुरुवात केली. त्यांनी पुस्तक उघडून पाहिल्याचं मला दिसलं नाही. मी मागच्या रांगांत उभा होतो. तिथे कुणी ऐकत नव्हतं. बायकांनी पुस्तकं मागून उघडली होती आणि बोट ओळींवरून खाली सरकत होतं. ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्यासाठी नातवंडं बघत होती. कुठे कुठे बोट थांबायचं आणि मग बराच वेळ तिथून हलायचं नाही.

कडेच्या खुर्चीवरच्या एका म्हातारीने मला हाताने खाली वाकवलं.

"तू बाईंचा भाचा ना? त्या म्हणाल्या, लिफ्टनं मला गिळलं हुतं."

तिचं बोट ज्या नावावर होतं त्यावरून कळलं, एकाच नावाच्या दोघींतली हीच ती दुसरी. तिच्या नावापुढे ओळ होती: गॅसच्या सिलिंडरवर खडूने स्वतःचं नाव लिहिलं, शेजारीण तो बदलून नेते म्हणून.

"लिफ्टने नाही, मावशी," मी म्हटलं. "मी गाळलं होतं. तुमच्या नावाची अजून एक आहे ना, त्यात चुकलो."

"ती व्हय." तिला नवल वाटलं नाही. "ती पुढं बसायची. मी मागं. हजेरीला ती हजर म्हनली की बाई पुढं जायच्या. लई येळा झालंय आसं." मग हात पुढे केला. "पेन हाय का?"

मी पेन दिलं. तिने पुस्तक मांडीवर सपाट केलं, छापलेल्या नावाखालच्या कोऱ्या जागेत, व्यासपीठाकडे एकदाही न बघता, एकेक अक्षर दाबून स्वतःचं नाव लिहिलं. कागदावर खड्डे पडले असतील इतकं दाबून.

"छापलेलं दोघींचं सारखंच दिसतंय," पेन परत देत ती म्हणाली. "हे माझं हाय."